दिलेले मार्क परत घेतात का?

२०२४ च्या २६ जुलैला शुक्रवार होता. सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते, आणि नीट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळी जादा तास घेते. नीटचा सुधारित निकाल लागल्याची आवई आदल्या दिवशीच उठली होती, मग तसं काही नाही म्हणून खुलासा आला होता. शुक्रवारी तो खरोखर लागला आणि माझा फोन वाजायचा थांबेना. सगळ्यांचं बोलणं एकाच आकड्याभोवती फिरत होतं. पाच मार्क.

तास संपवून बाहेर आले तर व्हरांड्यात तिघी उभ्या होत्या. माझी विद्यार्थिनी, तिची आई आणि तिची जिवलग मैत्रीण. मुलीचा हा दुसरा प्रयत्न होता, पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं होतं. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात, आई घरी विड्या वळते. हजार विड्यांमागे जी मजुरी मिळते तिच्यातून लेकीच्या फॉर्मचे आणि टेस्ट सिरीजचे पैसे निघालेले. ४ जूनला निकाल लागला तेव्हा आईने मार्कंडेयाच्या देवळात पेढे ठेवून सगळ्या गल्लीत वाटले होते. मलाही आणून दिले होते. मुलीचे नेमके मार्क मी इथे लिहीत नाही, ओळख पटेल. एवढंच सांगते की एमबीबीएसच्या दारात ती अगदी उंबऱ्यावर उभी होती.

आईने बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, दिलेले मार्क परत घेतात का ओ कधी? मार्क काढायलेत म्हणून टीव्हीवर सांगू लागले, ही तर चार दिवस झाले घरात कायच बोलेना."

मुलगी खाली बघत होती. तिला २३ तारखेलाच कळलेलं होतं. आपण कोणता पर्याय भरला ते तिला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे कोर्टाचा निकाल ऐकल्या क्षणी तिचा हिशेब झाला होता. तिने तो घरात कुणालाच सांगितला नव्हता. तशीच जेवायला बसायची आणि ताट ढकलून उठायची.

ज्यांना हे प्रकरण आता धूसर आठवत असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ५ मे २०२४ ला नीट झाली. ४ जूनच्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० मिळाले आणि देशभर गदारोळ उठला. वेळ वाया गेला म्हणून १,५६३ जणांना वाढीव गुण दिले होते, ते रद्द करून २३ जूनला त्यांची फेरपरीक्षा घेतली. पैकीच्या पैकीवाले ६१ उरले. पेपरफुटीवरून सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू होती, आणि तिच्यातच भौतिकशास्त्राचा एक प्रश्न निघाला. परीक्षा घेणाऱ्या एनटीए या संस्थेने त्याची दोन उत्तरं बरोबर धरली होती. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या संचालकांना तीन तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितलं, समितीने दुसऱ्याच दिवशी कळवलं की उत्तर एकच, चौथा पर्याय. मग २३ जुलैला न्यायालयाने पूर्ण फेरपरीक्षेची मागणी फेटाळली आणि त्या प्रश्नाचे गुण नव्याने मोजायला सांगितले. दुसरा पर्याय भरलेल्या चार लाखांहून जास्त मुलांचे चार गुण गेले, वर चुकीच्या उत्तराचा एक वजा झाला. ६१ चे १७ राहिले.

आता तो प्रश्न. दोन विधानं होती. पहिलं, अणूत धन आणि ऋण प्रभार समान असल्यामुळे अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरं, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. दोन्ही बरोबर म्हणणारा दुसरा पर्याय आणि पहिलं बरोबर, दुसरं चूक म्हणणारा चौथा. हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असतील? एनटीएच्या पहिल्या उत्तरसूचीत चौथाच होता. पण एनसीईआरटीच्या बारावीच्या जुन्या पुस्तकात, अणूच्या प्रकरणाच्या सारांशात, दुसरं विधान जवळजवळ जसंच्या तसं छापलेलं आहे. नव्या आवृत्तीत ते सुधारून "बहुतेक मूलद्रव्यांचे अणू" असं केलंय. जुन्या पुस्तकावर अभ्यास केलेल्या मुलांनी हरकत घेतली आणि अंतिम सूचीत दोन्ही पर्यायांना मार्क मिळाले.

मुलीने पिशवीतून पुस्तक काढलं. खाकी कव्हर घातलेलं, कडा तेलकट झालेल्या, पाठीला चिकटपट्टी. दोन वर्षं पुढच्या एका मुलाकडून तिने अर्ध्याहून कमी किमतीत घेतलेलं. पान तिला शोधावं लागलं नाही. त्या ओळीखाली आधीच्या मालकाने लाल शाईने रेघ मारली होती, शेजारी हिने पेन्सिलीने चांदणी काढली होती. मैत्रिणीने न बोलता स्वतःचं पुस्तक शेजारी उघडून ठेवलं. ते नवं कोरं. तेच प्रकरण, तोच सारांश, एक शब्द वेगळा. मैत्रिणीने चौथा पर्याय भरला होता. तिचे मार्क तेवढेच राहिले आणि रँक वर सरकला. दोघी एका बाकावर बसायच्या, एका डब्यातून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायच्या.

"मॅडम, माझं चुकलं का पुस्तकाचं चुकलं?" तिने विचारलं. "मला फक्त तेवढंच सांगा."

त्या चार दिवसांत तिच्या कानावर दोनच प्रकारचं बोलणं पडलं होतं. कुणी म्हणे घोर अन्याय झाला, कुणी म्हणे नीट वाचलं नसशील. दोन्ही ऐकून ती सारखीच खचत होती. मला वाटलं, या मुलीला धीराचे शब्द नंतर देऊ. आधी तिने जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्यावं.

मी खडू घेतला. "युरेनियमचा अणू स्थिर असतो?"

"नाही."

"रेडियमचा?"

"नाही. किरणोत्सारी आहे."

"मग प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात असं म्हणता येईल?"

"नाही येणार." थोडं थांबून ती म्हणाली, "मॅडम, परीक्षेत माझ्या डोक्यात रेडियम आलं होतं. खरंच आलं होतं. पण ही ओळ डोळ्यांपुढे दिसत होती. पुस्तकात आहे म्हटल्यावर मी दुसरा भरला."

हे बोलताना ती पहिल्यांदा रडली. आई उठायला लागली, तिला मी हातानेच थांबवलं.

मग मी मुलीला सांगितलं ते असं. भौतिकशास्त्र म्हणून चौथाच पर्याय बरोबर, समितीने दिलेलं उत्तर मीही वर्गात दिलं असतं. त्यामुळे तुझं उत्तर चुकलं, हे मान. पण तुझा अभ्यास कमी पडला नाही. तू निष्काळजीपणा केला नाहीस, छापील पुस्तकावर विश्वास ठेवलास, आणि एनसीईआरटीचा शब्द प्रमाण माना असं आम्ही शिक्षकच तुम्हाला रोज बजावतो. पुस्तक जुनं होतं कारण नवं घ्यायला घरात पैसे नव्हते. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, त्यांची एकत्र मोट बांधून "मी नालायक" असा निष्कर्ष काढू नकोस.

आईच्या प्रश्नालाही उत्तर द्यायचं होतं. दिलेले मार्क परत घेतात का? मी म्हटलं, "ताई, ते मार्क ४ जूनला द्यायलाच नको होते. पहिल्याच सूचीत एक उत्तर होतं, त्यावर ठाम राहिले असते तर तुमच्या लेकीला तेव्हाच खरा आकडा कळला असता. वाईट वाटलं असतं, पण सात आठवडे भलत्या आकड्यावर स्वप्नं रचली गेली नसती." हे माझं आजही ठाम मत आहे. चूक सुधारली ते योग्यच झालं. पण पेढे वाटून झाल्यावर सुधारली, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

"आणि पेपर फोडले त्यांचं ओ?" आईने विचारलं. हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटला हे न्यायालयाने मान्य केलंय, पण सगळ्या देशाची परीक्षा त्याने नासली असं सिद्ध झालं नाही म्हणून परीक्षा रद्द झाली नाही, हे मी त्यांना समजेल असं सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही. व्हावं असा माझा आग्रहही नव्हता.

मग आईला मैत्रिणीबरोबर चहा आणायला पाठवलं आणि मुलीला सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?"

पुष्कळ शिक्षकांना हा प्रश्न विचारायला भीती वाटते. विचारल्याने नको ते मुलांच्या डोक्यात भरतं, असा समज आहे. तसं होत नाही. मनात असलंच तर बोलायला वाट मिळते, नसलं तर मूल नाही म्हणून सांगतं. ती म्हणाली, "मरावं असं नाही वाटत मॅडम. पण सकाळी उठूच नये असं वाटतं." हेही साधं नव्हे. मी तिच्यासमोर तिच्या वहीत टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लिहिला, १४४१६. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. वडिलांनाही फोन लावला. ते पाळीवर होते, मागाच्या खडखडाटात त्यांना ऐकू येईना, तसे कारखान्याच्या बाहेर येऊन बोलले. मी म्हटलं, दादा, पुढचे काही दिवस पोरीला रात्री एकटं झोपू देऊ नका आणि मार्कांचा विषय तिने काढल्याशिवाय काढू नका. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, पोरगी आधी. डॉक्टर मागनं." हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. वडिलांना कळलं तर काय होईल, याच धास्तीने ती चार दिवस गप्प होती.

चहा आला, पुढचं सगळं कामाचं बोलणं. नवं गुणपत्रक उतरवून घेतलं, जुन्यावर "रद्द" असं तिच्याच हाताने लिहायला लावलं, पुढे फॉर्म भरताना घोटाळा नको म्हणून. रँक काही हजारांनी मागे गेला होता. राज्याच्या कोट्यातल्या ८५ टक्के जागा, देशपातळीवरच्या १५ टक्के, कुठे अर्ज करायचा, कुठे आशा धरण्यात अर्थ नाही, हे कागदावर मांडलं. त्याच महिन्यात ८ जुलैला सरकारने निर्णय काढला होता. ज्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत आहे, तिथल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ, सरकारी फेरीतून प्रवेश घेतला तर खाजगी महाविद्यालयातही. ती त्यात बसत होती. घरात हे कुणाला माहीतच नव्हतं. शुल्काच्या भीतीने तिने बीडीएस (दंतवैद्यक), बीएएमएस (आयुर्वेद) यांचा विचारच केला नव्हता. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, अधिवास, जातवैधता, यातलं काय तयार आहे आणि कशासाठी सेतूत जायचंय याची यादी आईने स्वतः मागून घेतली. त्यांना मराठी वाचता येतं, तेलुगूत पुटपुटत त्या एकेक नाव म्हणत होत्या.

मैत्रिणीबद्दल मात्र लिहायलाच हवं. निघताना ती मागे रेंगाळली. "मॅडम, माझा रँक वाढला ते घरी सांगायलाच लाज वाटायलीय. हिचे गेले म्हणून माझा वाढला की." असं किती मुलांना वाटत असेल आणि किती जण ते कुणाशी बोलत नसतील! मी तिला म्हटलं, तू तिचं काही घेतलं नाहीस. आनंद घरी मोकळेपणाने सांग, आणि हिच्याशी रोज बोलत जा. हिला टाळू नकोस. टाळलंस तर तिला मार्क गेल्याहून जास्त लागेल.

त्या वर्षीच्या एमबीबीएसच्या एकाही फेरीत मुलीचं नाव लागलं नाही. शेवटच्या यादीपर्यंत ती आशेवर होती, यादी लागली त्या रात्रीही रडली, पण या वेळी आईच्या मांडीवर. तिसऱ्यांदा नीट द्यायची का, यावर घरात बराच खल झाला. मी कुठल्याच बाजूने बोलले नाही. तिने बीएएमएस निवडलं, सोलापूरबाहेर, शुल्कमाफीत. मैत्रीण मिरजेला गेली.

तेव्हापासून जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांना पुस्तकं घेऊन बोलावते आणि आतल्या पानावरचं छपाईचं वर्ष बघते. ज्यांची जुनी असतील त्यांनी नवीशी ताडून पाहायचं, बदललेल्या ओळी पेन्सिलीने दुरुस्त करायच्या. वर्गणी काढून नव्या आवृत्तीचे चार संच ग्रंथालयात ठेवलेत, ते घरी न्यायला मिळतात. परीक्षा घेणाऱ्यांनी ताज्या आवृत्तीवर बोट ठेवावं हे ठीक, पण ताजी आवृत्ती प्रत्येक घरात पोचत नाही, हे आपल्या गावात तरी आपणच बघायला हवं.

एमबीबीएस हुकल्याचं दुःख तिला अजून आहे, आणि ती ते लपवत नाही. दिवाळीत दोघी घरी आल्या होत्या. माझ्या ओट्यावर बसून हाडांच्या नावांवरून भांडत होत्या, एक रचना शारीरचं पुस्तक काढून, दुसरी ॲनाटॉमीचं.