तुम्ही विचारलंत म्हणून: परत का येत नाही?

"तिकडे गेल्यावरच हे दुखणं मागे लागलं ना? मग परत का येत नाही?" फोनवर जवळजवळ प्रत्येक जण मला हे विचारतो. काळजीपोटी विचारतो, म्हणून एकदा नीट उत्तर देते.

परदेशात आल्यावर थोड्याच काळात मला व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस झाला. आतल्या कानाकडून मेंदूला तोलाची खबर देणारी नस सुजते आणि अख्खी खोली गरगरायला लागते. कारण बहुधा विषाणूचं असतं, त्यामुळे हे कुठेही होऊ शकलं असतं. गरगरणं ओसरलं, पण डुलणं राहिलं. उभी राहिले की होडीत असल्यासारखी जमीन हलते. तीन महिने किंवा त्याहून जास्त टिकणाऱ्या अशा त्रासाला पीपीपीडी (पर्सिस्टंट पोस्चरल-परसेप्च्युअल डिझिनेस) म्हणतात. त्याचे निकष बारानी सोसायटी या तोलाच्या विकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली ठरवले, म्हणजे अगदी अलीकडे. एमआरआय स्वच्छ येतो. 'सगळं नॉर्मल' असं ऐकून घरचे निर्धास्त होतात आणि मी भिंतीचा आधार घेत चालत असते.

तोल सांभाळायला कान, डोळे आणि पाय-सांधे अशा तिघांकडून खबर लागते. कानाचा भरवसा गेला की मेंदू डोळ्यांवर फार विसंबतो, आणि नव्या देशात डोळ्यांना काहीच सवयीचं नसतं. सरकते जिने, सुपरमार्केटमधल्या उंच मांडण्या, नक्षीदार फरशा; यातलं काहीही पुरतं. त्याहून अवघड होतं ते बोलणं. सगळं लक्ष उभं राहण्यात गेलं की परक्या भाषेसाठी काही उरतच नाही. काउंटरवर माझं वाक्य अर्ध्यात तुटायचं आणि समोरच्याला वाटायचं, हिला भाषा येत नाही. या आजारानं मला सगळ्यात एकटं पाडलं ते तिथे.

आता मूळ प्रश्न. यावरचा व्यायाम म्हणजे ज्यानं त्रास होतो तेच रोज थोडं थोडं करायचं. अंगठ्यावर नजर रोखून मान डावी-उजवीकडे फिरवायची, डोळे मिटून उभं राहायचं, मुद्दाम गर्दीत जायचं. तोल किंचित ढळला तरच मेंदू आपला हिशेब दुरुस्त करतो. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या सुरुवातीच्या दिवसांत लागतात, पण लांबवल्या तर हे शिकणंच मंदावतं. म्हणून तुम्ही प्रेमानं पाठवलेल्या गोळ्या मी घेतल्या नाहीत.

आणि तिकडे तुम्ही मला ढळू देणार नाही. "बस तू, मी आणते", "एकटी जाऊ नकोस", हात धरायला कुणी ना कुणी असेलच. ती माया मला रोज हवीशी वाटते, ताप आला की तर फारच. पण आत्ता ती मिळाली तर मी बसूनच राहीन, अशी मला खात्री आहे. इथे माझं सामान मलाच आणावं लागतं. हल्ली जिना कठड्याला हात न लावता उतरता येतो.

सुट्टीत मात्र येणार आहे. तेव्हा मागून अचानक हाक मारू नका, न सांगता दंड धरू नका. जेवताना टेबलाच्या टोकाची खुर्ची द्या, म्हणजे सगळ्यांशी बोलताना सारखी मान वळवावी लागणार नाही.