माझा अनुभव: योसेफ, जोसेफ, जोसफ आणि बालसंगोपनाचा अर्ज

आई-बाप नसलेलं मूल घरच्यांकडेच वाढावं म्हणून सरकार दरमहा पैसे देतं, त्या बालसंगोपन योजनेचा अर्ज दोन तासांत भरून होतो. आम्हाला चार महिने लागले. त्यातले तीन एका खिडकीपुढे गेले, आणि ती खिडकी आठवली की माझं डोकं अजून तापतं. म्हणून लिहून मोकळी होतेय.

आमच्या चर्चच्या मंडळीतली सहा कुटुंबं दर गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमतो. आधी नुसता बायबल अभ्यास असायचा. नाताळात बालगृहात जाऊन बिस्किटं, ब्लँकेटं वाटायची, फोटो काढायचे आणि घरी यायचं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं, अनाथ-विधवांची काळजी घ्या असं सांगणारं वचन सगळ्यांना पाठ, पण अशा मुलासाठी नेमकं करायचं काय, हे सहा घरांत एकालाही ठाऊक नव्हतं. मग प्रार्थनेनंतर अर्धा तास कायदा वाचायचा असं ठरलं. पोरंही बसायची. माझ्या नववीतल्या मुलीनेच मोठ्याने वाचलं, की २०१५च्या बाल न्याय कायद्यात संस्था हा शेवटचा उपाय आहे, आधी मुलाचं कुटुंब बघायचं. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली केडगावला आणल्या, याचा आम्हाला केवढा अभिमान! पण त्यातल्या कितीतरी मुलींना मागे घरच उरलं नव्हतं. आमच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणाऱ्या दोन भावंडांना आजी होती.

त्यांची आई लहानपणीच गेली, बाप गेल्या वर्षी. आजी चर्चच्या पाळकसाहेबांना म्हणत होती, "यांना बोर्डिंगात घाला, मला झेपत नाही." झेपत नव्हतं ते वह्या, औषधं आणि रिक्षाचे पैसे. मुलं तर तिला सोडायला तयार नव्हती. बालसंगोपनात एका मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात, आणि मूल नातेवाइकाकडे राहत असलं तरी मिळतात, हे आम्हाला गुरुवारच्या वाचनातच कळलं होतं. आजी साडीच्या दुकानाची एक पिशवी घेऊन आली. आयुष्यभराचे कागद त्यात. पिशवी सतरंजीवर उलटी केली, आणि तिथेच घोळ दिसला.

आमच्या लोकांत एकच नाव तीन तऱ्हांनी लिहितात. बापाच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर योसेफ. आधारवर आणि रेशनकार्डावर जोसेफ. मृत्यू दाखल्यावर जोसफ, आणि आडनावाच्या जागी वडिलांचं नाव. दवाखान्यात त्याला शेजाऱ्याने नेलं होतं, त्याने सांगितलं तसं कुणीतरी लिहून घेतलं.

मृत्यू दाखल्यावरचं नाव दुरुस्त करून घ्यायला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर गेलो. पहिल्या दिवशी तिथल्या कारकुनाने विचारलं, "हा माणूस तोच कशावरून?" आजी म्हणाली, "मी आई आहे त्याची." तो म्हणाला, "ते तोंडी झालं." दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला आमचा अर्जच सापडेना, कारण मी पोच घेतली नव्हती. (अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!) चौथ्या खेपेला सल्ला मिळाला, की नावातला बदल राजपत्रात, म्हणजे सरकारी गॅझेटमध्ये, छापून आणा. मेलेल्या माणसाने राजपत्रात नाव बदलायचं! मी विचारलं, "अर्जावर सही कोण करणार?" तो हसला नाही. त्याच्या काचेला आतून एक कॅलेंडर चिकटवलेलं होतं, त्यामुळे बोलताना त्याची फक्त हनुवटी दिसायची. पाचव्या खेपेला, "कोर्टाचा आदेश आणा." आजी दर खेपेला पन्नाशीतल्या त्या माणसाला "दादा" म्हणायची आणि बाहेर आल्यावर पायरीवर बसून राहायची. सहाव्या खेपेला ती आलीच नाही. म्हणाली, "तुम्हीच जा बाई, मला लाज वाटते." कसली लाज, ते मी विचारलं नाही.

त्या गुरुवारी बायबल बाजूला राहिलं. १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा काढला. कलम १५: नोंदीत चूक असल्याचं पुराव्यानिशी पटलं, की निबंधकाला ती स्वतः दुरुस्त करता येते. मूळ नोंद खोडायची नाही, समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख घालायची. एवढंच! आम्ही दोन प्रतिज्ञापत्रं केली, एक ज्याने दवाखान्यात नेलं त्या शेजाऱ्याचं, दुसरं ज्यांनी माती दिली त्या पाळकसाहेबांचं. सोबत चर्चच्या दफन नोंदवहीचा उतारा. सातव्या खेपेला आम्ही पाच जण गेलो, खिडकीवर न थांबता थेट निबंधकांकडे. मी कलमाची झेरॉक्स टेबलावर ठेवली, पिवळ्या पेनाने रेघ मारलेली. त्यांनी वाचलं, म्हणाले, "मग आधी का नाही आलात?" मी काय बोलणार! नऊ दिवसांनी दुरुस्त दाखला हातात.

पुढचं पटापट झालं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, पासबुक. अशा मुलांबाबत आदेश देणाऱ्या बालकल्याण समितीपुढे मुलांना विचारलं, "कुठे राहायचंय?" धाकटा आजीच्या पदराला धरूनच बोलला. आदेश निघाला. हो, आणि एक राहिलंच: दोघा भावंडांचे अर्ज वेगवेगळे करा, आणि आजी-नातवंडांचा घरासमोर उभा राहून काढलेला फोटो लागतो, स्टुडिओतला चालत नाही. आम्ही आधी स्टुडिओतलाच काढला होता, मागे धबधबा असलेला.

आमच्यातल्या एका जोडप्याचं दत्तकाचं चाललंय. १९५६चा हिंदू दत्तक कायदा ख्रिस्ती लोकांना लागू नाही. आमच्या आधीच्या पिढीने मुलं वाढवली ती कागदोपत्री आई-बाप म्हणून नव्हे, नुसतं पालक म्हणून, १८९०च्या कायद्याखाली. आता बाल न्याय कायद्याने कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं, आणि सप्टेंबर २०२२पासून आदेशही जिल्हाधिकारी देतात. त्यांचा गृहभेट अहवाल झालाय, नंबर लागायचाय. त्यांना मी सांगून ठेवलंय की आजच सगळ्या कागदांवरची नावं जुळवून बघा.

आजीच्या खात्यात पहिले पैसे आले तेव्हा ती रविवारी सलाम करून मला म्हणाली, "बाई, आता ते बोर्डिंगाचं पाळकसाहेबांना नाही म्हणून सांगा." धाकटा सहावीत आहे. शाळेत शमुवेल, आधारवर सॅम्युएल. दहावीनंतर शाळेच्या नोंदी बदलणं महाकर्मकठीण, म्हणून या गुरुवारी तेच काम. आजीला पिशवी घेऊन यायला सांगितलंय.