ह्लेबिनेचा बर्फ काचेवर कसा उतरतो

क्रोएशियाच्या उत्तरेला, द्रावा नदीच्या खोऱ्यात ह्लेबिने हे छोटंसं खेडं आहे. मका, गुरं, भोवती रान आणि हिवाळ्यात बर्फ. १९३० मध्ये चित्रकार क्र्स्तो हेगेदुशिच यांना इथल्या इव्हान गेनेरालिच या पंधरा वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोराची चित्रं दिसली. पुढच्याच वर्षी गेनेरालिच आणि फ्रान्यो म्राझ यांची चित्रं राजधानी झाग्रेबच्या प्रदर्शनात लागली. शेतीची कामं थंडावली की रंगवायला बसायचं, अशी इथली रीत पडली. हे लोक कॅनव्हासपेक्षा काचेत जास्त रमले.

काचेच्या मागच्या बाजूला रंगवायचं आणि पुढून बघायचं. म्हणजे सगळा क्रम उलटा. जे सर्वांत वर दिसायला हवं ते आधी, आभाळ शेवटी. चेहऱ्यात डोळ्यातली चमक पहिली, मग बुबुळ, मग पांढरा भाग, त्यानंतर त्वचा. आरेखन कागदावर करून काचेखाली ठेवतात. पुढून ते डाव्याचं उजवं होतं, म्हणून सहीसुद्धा उलटी करावी लागते. हे विसरणारे बरेच निघतात!

बर्फाच्या फांदीत ही रीत खरी खुलते. आधी बारीक ब्रशने फांदीच्या वरच्या कडेला बर्फाची पांढरी रेघ. ती वाळली की तिच्यावरूनच बिनधास्त काळपट फांदी ओढायची. पुढून बघताना पांढरा रंग पुढेच राहतो, त्यामुळे कड सुरीने कापल्यासारखी येते. बर्फावरची निळसर सावली मात्र पांढऱ्याच्याही आधी. पांढरा थर पातळ राहिला तर मागचा काळा त्यातून डोकावतो आणि बर्फ मळका दिसतो. फांदी काढण्याआधी मागे काळा कागद धरून बघावा. राखाडी झाक दिसली तर पांढऱ्याचा आणखी एक हात द्यावा.

काचेवर बोटांचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही, आधी स्पिरिटने पुसायचं. टर्पेंटाइन जास्त झालं तर रंग ओघळतो आणि वाळल्यावर सुटतो. घाई तर अजिबात नको. तैलरंगाच्या पातळ थरालाही दोन-तीन दिवस लागतात, पांढऱ्याला आणि थंडीत त्याहून जास्त. ओल्यावर ब्रश फिरवला की खालचं सगळं फरफटत येतं. ओला रंग ब्लेडने खरवडता येतो, पण मागे आभाळ चढल्यावर नाक वाकडं असल्याचं कळलं तर इलाज नाही. म्हणून प्रत्येक थरानंतर काच उचलून पुढून बघायची.

फ्रेम करताना मागचा पुठ्ठा रंगाला टेकवू नये, चिकटला तर रंग घेऊनच निघतो. शेगडीजवळ किंवा दमट भिंतीवर टांगणंही नको.

मूळ चित्रं बघायची तर ह्लेबिनेत १९६८ पासून गॅलरी आहे आणि झाग्रेबला नाईव्ह, म्हणजे कलेचं शिक्षण न घेतलेल्या चित्रकारांच्या, कलेचं संग्रहालय. काचेसमोर जरा तिरकं उभं राहावं. समोरून आपलंच प्रतिबिंब आड येतं.