ओसाकाला जाताना कोणता रेल्वे पास घ्यावा?

धाकटा भाऊ नोकरीनिमित्त ओसाकाला असल्यामुळे कापसाचा हंगाम आटोपला की आई-बाबा त्याच्याकडे जाणार आहेत, आणि आर्वी तालुक्यातल्या आमच्या घरी सध्या रात्रीच्या जेवणानंतर रेल्वे पासाचाच विषय निघतो. वर्धा-नागपूर मासिक पासावर अनेक वर्षे नोकरी केलेल्या बाबांना पास म्हणजे बचत, असेच वाटते. पण तो हिशेब रोजच्या प्रवासाचा आहे.

देशभर चालणारा सात दिवसांचा जपान रेल पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनवरून 50,000 येनांवर गेला. टोकियो ते क्योतो शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) जाऊन-येऊनही साधारण 27-28 हजार येन लागतात, आणि आई-बाबा तर ओसाका, क्योतो, कोबे व नारा यांपलीकडे फारसे जाणार नाहीत. ओसाका-क्योतो हे अंतर जेआरची (जपान रेल्वेची) जलद गाडी अर्ध्या तासात कापते आणि तिकीट सहाशे येनांच्या आसपास पडते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे जेआरचा पास हांक्यू, केइहान, किंतेत्सु या खासगी मार्गांवर चालत नाही. नाऱ्यात तोदाई-जी मंदिर व हरणांचे उद्यान किंतेत्सुच्या स्थानकापासून जवळ आहे, जेआरच्या स्थानकापासून दूर; बाबांचे गुडघे पाहता मला हीच बाब निर्णायक वाटते.

म्हणून दोघांसाठी आधी पैसे भरून वापरायचे इकोका कार्ड घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. त्यात सवलत नसली तरी ते दोन्ही प्रकारच्या गाड्यांत चालते. हिमेजीचा किल्ला पाहण्याचे ठरलेच, तर त्या दिवसापुरता कानसाई एरिया पास (ओसाकाच्या परिसरापुरता जेआरचा पास) विचारात घेता येईल. मात्र त्यावर शिंकानसेनमध्ये बसता येत नाही.