पालखीच्या वाटेवरची पाखरं

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. सुमारे 250 किलोमीटरची ही वाट मी पक्ष्यांची नोंद ठेवत चालतो. या नोंदींनी आधी मला पंचांग शिकवलं. तिथी दरवर्षी तीच, तारीख मात्र सरकते. आषाढी एकादशी 2023 मध्ये 29 जूनला होती, 2024 मध्ये 17 जुलैला आणि 2025 मध्ये 6 जुलैला. पाखरं तिथी पाळत नाहीत, ती पावसाकडे बघतात. म्हणून एका वर्षी जेजुरीपुढच्या बाभळीवर सुगरणीचं घरटं अर्धं विणलेलं असतं आणि दुसऱ्या वर्षी त्याच फांदीवर गवताची काडीही नसते. वहीत नुसता मुक्काम लिहून भागत नाही. तारीख आणि त्या गावात पहिला मोठा पाऊस कधी झाला हेही लिहावं लागतं. गावातल्या कोणालाही विचारलं तरी पावसाचं उत्तर लगेच मिळतं.

बघण्यापेक्षा ऐकणं जास्त, हे वारीत मान्यच करून टाकावं. रांगेत चालताना टाळ-मृदंगापुढे मोराची केकासुद्धा कानावर येत नाही. कानाची वेळ म्हणजे काकड्यानंतर दिंडी उभी राहीपर्यंतची पाऊण-एक तासाची. या वेळात राहुट्यांपासून दोन-तीनशे पावलं दूर, ट्रकच्या इंजिनांकडे पाठ करून दहा मिनिटं एका जागी उभं राहायचं. अंधार असताना रातवा बोलतो: चुक-चुक-चुक-र्र्र, फरशीवर टाकलेली गोटी उसळत उसळत थांबावी तसा. उजाडू लागलं की दयाळ आणि कोतवाल, आणि मग पावशा. ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ म्हणत तो प्रत्येक वेळी सूर वर चढवतो आणि पाच-सहा वेळा झालं की एकदम तोडतो. हा चढता सूर ओळखीचा झाला की पक्षी दिसला नाही तरी नोंद पक्की.

दिसला, तर मात्र घोटाळा होतो. करडी पाठ, छातीवर आडवे पट्टे, शेपटीवर पट्टे यामुळे नवखा माणूस त्याला शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, म्हणून मोकळा होतो. लहान पाखरंही फसतात आणि त्याच्या मागे लागतात, म्हणून त्यांच्या ओरड्यावर विसंबू नये. चोच पाहावी. शिक्र्याची आखूड आणि आकड्यासारखी वळलेली, पावशाची सडपातळ. बसण्याची ढबही वेगळी: शिक्रा ताठ बसतो, पावशा आडवा, पंख थोडे खाली सोडून. आणखी एक, हिवाळ्यात सासवड-जेजुरीच्या माळांवर दिसणारे भोवत्या हे शिकारी पक्षी या दिवसांत इथे नसतात. जुलैत गवतावर एका जागी पंख फडफडवत तरंगणारा पांढुरका शिकारी पक्षी दिसला, तर ती कापशी घार धरावी.

पावशाच्या जोडीला चातक. काळापांढरा, डोक्यावर तुरा, उडताना पंखावर पांढरा डाग. नैऋत्य वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून येणारे चातक याच दिवसांत आपल्याकडे पोचतात. तो झाडाच्या शेंड्यावर उघडा बसतो, त्यामुळे रांग न सोडताही दिसतो. पावशा आणि चातक दोघंही अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात, कोकिळा कावळ्याच्या. म्हणून सातभाईंचा थवा कलकलाट करत एका झुडपाभोवती नाचू लागला की मी त्याच्या वरच्या फांद्या आधी न्याहाळतो. दर वेळी चातक असतोच असं नाही, कधी खाली साप निघतो. झुडपात हात घालू नये, हे त्यासाठीच.

जेजुरी ते वाल्हे हा टप्पा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. लोकांना ही नुसती उघडी, सावली नसलेली वाट वाटते, पण माळावरच्या पक्ष्यांचं हेच घर आहे. डोंबारी चंडोलाचा नर वीस-तीस मीटर वर चढतो, पंख मिटून शीळ घालत खाली कोसळतो, जमिनीला टेकायच्या आत पुन्हा उसळी घेतो. शीळ ऐकल्यावर मान वर करून उपयोग नाही, तोवर तो खाली आलेला असतो. एकदा दिसला की तिथेच नजर ठेवायची, तो तेच पुन्हा करतो. धाविक शोधायचा तो आखूड गवताच्या, जनावरांनी चरलेल्या तुकड्यात: चार पावलं पळतो, ताठ उभा राहतो, वाकून टिपतो, पुन्हा पळतो. पाऊस लवकर झाला आणि गवत घोट्याच्या वर गेलं, की तो तिथे सापडत नाही.

याच माळांवर टिटवीची अंडी असतात, आणि इथे बघणाऱ्याची खरी जबाबदारी सुरू होते. टिटवी घरटं बांधत नाही. जमिनीतल्या उथळ खळग्यात, खड्यांमध्ये चार अंडी घालते. मातकट रंगावर काळे डाग, दोन हातांवरूनही दिसत नाहीत. माळटिटवीचंही तसंच, तिच्या चोचीशी पिवळी लोंबती कातडी आणि डोक्यावर काळी टोपी. राहुटी ठोकायच्या जागेवर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली किंवा पंख मोडल्यासारखी लंगडत समोरून जाऊ लागली, तर खुंट्या ठोकणं थांबवावं. सगळ्यांनी आल्या पावली मागे यावं, एकानंच दूर उभं राहून ती कुठे परत येऊन बसते ते दुर्बिणीतून पाहावं. सगळे मिळून शोधायला लागलात तर अंडी पायाखाली जातात. जागा कळली की तंबू निदान पन्नास पावलं लांब न्यावा आणि अंड्यांपासून चार हातांवर मोठे दगड गोलाकार मांडावेत. अगदी लगत दगड रचले तर टिटवी बिचकते. कापडी झेंडी लावू नये, ती फडफडते आणि माणसांनाही बोलावते. दिंडीतल्या विणेकऱ्यांना एकदा सांगितलं, की ‘माउली, तिकडून नको’ हा निरोप मागपर्यंत आपोआप जातो.

त्याच रात्री उष्ट्याचं बघावं लागतं. पत्रावळी उघड्यावर पडल्या की पहाटेपर्यंत कुत्री आणि कावळे जमतात, आणि आसपासची अंडी-पिल्लं त्यांच्या तोंडी सापडतात. पत्रावळी गोणीत भरून ट्रकवर टाकल्या की प्रश्न मिटतो.

नीरा ओलांडली की देखावा पालटतो. पुलाखालून तारवाली भिंगरी ये-जा करते. तिच्या शेपटीच्या दोन तारा पाण्यावर उजेड असला तरच दिसतात. फलटण-माळशिरसकडे कालवे आणि ऊस. ढोकरी बगळ्याची पाठ या दिवसांत तपकिरी नसून गडद तांबूस असते, गायबगळ्याचं डोकं-मान केशरी, त्यामुळे हिवाळ्यात शिकलेल्या ओळखी इथे चुकतात. कालव्याकाठच्या गचपणात लाजरी पाणकोंबडी पाऊस पडून गेला की तासन्‌तास ओरडते; दिसणं अवघड, ओळखणं सोपं.

विहिरीवर झुकलेल्या बाभळी सुगरणींसाठी पाहाव्यात. विणकाम नराचं. तो उसाचं किंवा गवताचं पान कडेला चावतो आणि उडता उडता लांब पट्टी फाडून नेतो. टोपीसारखं अर्धं घरटं झालं की मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढची नळी होते. नापसंत टोप्या तशाच लोंबत राहतात. म्हणून घरटी मोजताना पुरी आणि अर्धी वेगळी लिहावीत, नाहीतर आकडा फुगतो. घरटी बहुधा झाडाच्या पूर्वेकडे, नैऋत्येच्या वाऱ्यापावसापासून आडोशाला असतात. पालखी आग्नेयेकडे चालते, त्यामुळे झाड ओलांडून मागे वळून पाहिलं तर ती नीट दिसतात.

सामानाचं थोडक्यात. दुर्बीण आठ पटींची, 32 मिलिमीटरची पुरते. दहा पटींची धाप लागलेल्या हातात हलते. पट्टा गळ्यात न लोंबवता आडवा घालावा, म्हणजे टाळात अडकत नाही. रात्री ती ओल्या कपड्यांबरोबर पिशवीत ठेवली की आतून धुकं धरते. वही खिशाएवढी आणि पेन्सिल, कारण शाई पहिल्याच सरीत वाहून जाते. दोन विसाव्यांमधलं अंतर ही एक नोंद धरावी. सबंध दिवसाची एकच यादी केली तर पक्षी सासवडचा की दिवे घाटातला हे नंतर सांगता येत नाही. घरट्याची नेमकी जागा मात्र कोणालाही पाठवू नये. रिंगणाच्या वेळी वही मिटावी; चांदोबाच्या लिंबाशी घोडे धावत असताना मान वर करून घार बघणारा माणूस इतरांच्या वाटेत येतो.

पौर्णिमेच्या काल्यानंतर पालखी परत फिरते. परतीच्या मजला लांब असतात आणि माणसं थोडी, त्यामुळे रस्त्यावरूनच खूप ऐकू येतं. जाताना लिहिलेली झाडं आणि दगडांची वर्तुळं तेव्हा पुन्हा तपासता येतात. टिटवीची अंडी 28 ते 30 दिवसांत फुटतात. जाताना ती नुकतीच घातलेली असली तर परतताना टिटवी अजून बसलेलीच असते. खळगा रिकामा दिसला तर आसपासच्या गवतात दबून बसलेली पिल्लं असू शकतात, म्हणून वर्तुळाच्या आत पाऊल न टाकता दुरूनच तारीख लिहून पुढे निघायचं.