बॅगलीचे पान

मार्विन बॅगली हा अमेरिकेतल्या एनबीए लीगमधला बास्केटबॉल खेळाडू चांगला खेळला की मला बरे वाटत नाही, हे काल रात्री ध्यानात आले आणि आज दिवसभर ते मनातून गेले नाही. जेवणानंतर भाच्याने मोबाइलवर त्याच्या एका सामन्यातले तुकडे दाखवले आणि माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते त्याच्या कच्च्या बचावाबद्दल. "पण आत्या, खेळला तर छानच ना?" पोराने विचारले. खेळला होता छानच. तरी तेवढे कबूल करणे मला जड गेले.

बॅगलीशी माझे वैर नाही. असलेच तर ते २१ जून २०१८ च्या ड्राफ्टशी, म्हणजे लीगच्या संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमाशी आहे. विवेक रणदिवे यांनी २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज विकत घेतल्यापासून दादा आणि मी त्या संघाच्या मागे लागलो. मुंबईत जन्मलेला, मराठी आडनावाचा मालक एवढे एकच कारण होते, आणि त्या कारणापायी पुढे आम्ही जे भोगले ते सगळे इथे लिहीत नाही. २०१८ साली निवडीची पाळी ठरवणाऱ्या लॉटरीत किंग्ज सातव्या जागेवरून एकदम दुसऱ्या क्रमांकावर आले. पहिली पाळी असलेला फिनिक्सचा संघ डिआंद्रे एटनला घेणार हे सर्वांना ठाऊक होते, म्हणजे लुका डॉन्चिच आमच्या दारात उभा होता: एकोणीस वर्षांचा मुलगा, रेआल माद्रिदबरोबर युरोपातली युरोलीग जिंकलेला आणि त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. किंग्जनी ड्यूक विद्यापीठाच्या बॅगलीला घेतले.

ड्राफ्टआधी मी वहीत नव्या खेळाडूंची माझी स्वतःची क्रमवारी लावते, तीत बॅगली सहावा होता. सामन्यामागे २१ गुण आणि ११ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) हे आकडे कोणालाही भुरळ घालतील असेच होते. परंतु कॉलेजच्या मुलांची पारख करताना मी आधी फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक पाहते, कारण समोर अडवायला कोणी नसतानाही ज्याचा नेम शंभरात त्रेसष्ट वेळाच लागतो, त्याचा लांबचा नेम पुढे सुधारेल असा भरवसा धरता येत नाही. शिवाय जवळजवळ सात फूट उंचीच्या मुलाच्या नावावर सामन्यामागे सरासरी एक ब्लॉकही (प्रतिस्पर्ध्याची हवेत अडवलेली फेक) भरत नव्हता. पत्रिका जुळवणारे गुरुजी लग्नानंतर त्या घरात डोकावायला जात नाहीत. मी मात्र त्या पहाटेपासून बॅगलीच्या घरात डोकावतेच आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईला वरळीच्या डोममध्ये खेळले तेव्हा आम्ही गेलो होतो. लीगचे सामने भारतात प्रथमच होत होते आणि दादा लहान मुलासारखा ओरडत होता. (वहिनी गेल्यापासून तो फारसा बोलत नाही, असो.) त्याच महिन्यात, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, फिनिक्समध्ये बॅगलीच्या उजव्या हाताचा अंगठा मोडला आणि त्या हंगामात तो फक्त १३ सामने खेळला. माझ्या वहीत त्याच्या पानावर १३ या आकड्याखाली दोन रेघा आहेत. आज दुपारी वही काढून त्या रेघा पाहिल्या. एका वीस वर्षांच्या मुलाचा अंगठा मोडला आणि मी तो पुरावा म्हणून नोंदवला.

बरे, यातून माझ्या पदरी काय पडले? डॉन्चिच २०१९ मध्ये सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला, ज्या डॅलस संघात तो गेला त्याला २०२४ मध्ये त्याने अंतिम फेरीत नेले. प्रत्येक वेळी मी दादाला फोन केला आणि प्रत्येक वेळी तो "हो, तू म्हणाली होतीस" एवढेच म्हणाला. माझे म्हणणे खरे ठरत होते याचा अर्थ आमचा संघ बुडत होता, मग पाठ कोणी थोपटायची? किंग्ज २००६ नंतर प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत पोहोचले ते थेट २०२३ साली, आणि तोवर बॅगलीला डेट्रॉइटला धाडून वर्ष उलटले होते. त्या आनंदातही मी 'डॉन्चिच असता तर' हा हिशेब मांडत बसले. इतकी वर्षे मी पहाटे उठले, टक्केवाऱ्या उतरवल्या, आणि हातात काय, तर एका मुलाच्या चांगल्या खेळाने बिघडणारा मूड.

बॅगली वाया गेला असे म्हणताना मी नेमके काय मोजते, हेही आज प्रथमच नीट पाहिले. पहिल्या वर्षी सामन्यामागे जवळजवळ १५ गुण, नवोदितांच्या पहिल्या पाचांत निवड, पुढे डेट्रॉइट, वॉशिंग्टन, मेम्फिस. हा मुलगा बाराव्या क्रमांकावर घेतला गेला असता तर त्याच्याविरुद्ध कोणाची तक्रार नसती. पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला निकोला योकिच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ वा होता, म्हणून त्याने काहीही केले तरी ते वरकमाईच ठरत गेले. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये ५२ वा निवडला गेला, लीगचा एकही सामना खेळला नाही, आणि तरी आम्ही त्याचे नाव अभिमानाने घेतो. सॅम बोवी १९८४ मध्ये दुसरा आला आणि त्याच्यामागून मायकेल जॉर्डन. बोवी दहा हंगाम खेळला, पण त्याची ओळख आजही जॉर्डनच्या आधीचा एवढीच आहे. क्रमांक संघ देतो आणि वसुली खेळाडूकडून होते. त्या वसुलीला गेलेल्यांत मीही आहे, तेही बिनपगारी.

आणि ज्या डॅलसच्या शहाणपणाचे मी इतकी वर्षे गोडवे गायले, त्याच डॅलसने फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉन्चिचला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकले! तेव्हा मी संतापले होते. आज आठवून हसू आले.

संध्याकाळी बॅगलीच्या पानावर कालच्या तुकड्यांतल्या सामन्याचे आकडे लिहिले, सगळे, बचावावरची टिप्पणी न जोडता. रात्री दादाचा फोन आला. यंदाच्या ड्राफ्टची यादी मी करणार नाही, असे त्याला सांगितले. तो बरे म्हणाला आणि स्वतःची यादी वाचू लागला. तिसऱ्या नावावर मी त्याला अडवले, कारण त्या मुलाची फ्री थ्रोची टक्केवारी त्याने पाहिलीच नव्हती.