अर्ध्या वाटेवरची सौरज्वाला

६ सप्टेंबर २०१७. भारताच्या दक्षिण टोकाकडे, चुंबकीय विषुववृत्ताजवळ आमचा रिसीव्हर ऑस्ट्रेलियातील नॉर्थ वेस्ट केप इथल्या रेडिओ प्रक्षेपकाचा १९.८ किलोहर्ट्झचा सिग्नल नोंदवत होता. अंतर सुमारे ५,२०० किलोमीटर. जमीन आणि आयनांबराचा (वातावरणाच्या विद्युतभारित भागाचा) सर्वांत खालचा डी-थर यांच्यामधल्या पोकळीतून ही लहर येते. दिवसा त्या पोकळीचे छत ७०-७४ किलोमीटरवर असते.

दुपारी २:४० ला एक्स २.२ वर्गाची सौरज्वाला (एक्स हा सर्वांत तीव्र वर्ग) शिखरावर पोहोचली; ती चढत असतानाच सिग्नलचा फेज, म्हणजे लहरीच्या चढउताराची स्थिती, पुढे सरकू लागला होता. ज्वालेचे क्ष-किरण नेहमीच्या डी-थराच्याही खाली शिरून हवेतून इलेक्ट्रॉन सोडवतात, छत खाली येते आणि लहरीचा फेज-वेग वाढतो. फेजचे शिखर क्ष-किरणांच्या शिखरानंतर काही मिनिटांनी आले; इलेक्ट्रॉन साठायला तेवढा वेळ लागतोच.

संध्याकाळी ५:३२ ला एक्स ९.३ आली. क्ष-किरण चौपटीहून जास्त, पण फेजची उडी दुपटीनेही वाढलेली दिसेना. पहिला संशय यंत्रणेवर गेला. रिसीव्हरचे घड्याळ जीपीएसच्या वेळेशी नीट जुळलेले होते. एमएसके (फ्रिक्वेन्सी किंचित बदलत संदेश पाठवण्याची पद्धत) सिग्नलचा फेज काढताना ९० किंवा १८० अंशांची चूक होते, पण ती एका नमुन्यात पायरीसारखी पडते. इथे वक्र मिनिटामिनिटाने चढत होता. शेजारच्या रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर गोंगाट वाढला नव्हता, म्हणजे विजांचा खडखडाटही नव्हे. एकमेकांशी काटकोनात लावलेले दोन्ही लूप अँटेना एकच सांगत होते.

मग घड्याळाकडे नीट पाहिले. नॉर्थ वेस्ट केपला सूर्य आपल्या पावणेचारच्या सुमारास मावळला होता. ८० किलोमीटर उंचीवर अंधार आणखी चाळीसेक मिनिटांनी पोहोचतो, तरीही साडेपाचला वाटेचा जवळपास निम्मा पूर्वभाग रात्रीत होता. तिथे क्ष-किरण पोहोचणारच नव्हते. आमच्याकडेही ऊन तिरपे, सूर्यास्ताला जेमतेम तासभर उरलेला. शिवाय छत उंचावत गेल्याने फेज आधीच मागे हटत होता. ज्वालेची उडी त्या उतारावर बसली होती. आदल्या दोन दिवसांचा त्याच वेळेचा उतार वजा केल्यावर ती मोठी झाली, तरी चौपट नाहीच. संपूर्ण वाट उन्हात असती तरी झाली नसती, कारण छताचे खाली येणे क्ष-किरणांच्या साध्या पटीत नव्हे, लॉगरिथमच्या हिशेबाने चालते.

छताची उंची काढायला आम्ही दुपारचीच ज्वाला घेतली. संध्याकाळच्या नोंदीसाठी वाट दोन तुकड्यांत मांडली: अंधाऱ्या भागात रात्रीचे छत कायम ठेवले, उजेडातले तेवढे बदलले.